चार नंबरचं शून्य

१

हेमांगीला शनिवारची सकाळ बाळकुमच्या घरी, गॅलरीत, दुसऱ्या चहाबरोबर घालवायची होती. त्याऐवजी ती शिळफाट्याला सव्वा तास एका कंटेनरची मागची नंबरप्लेट पाठ करत बसली. शिळफाट्यापलीकडच्या मानपाड्यातल्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात ती पोचली तेव्हाच तिचं डोकं तापलेलं होतं, आणि अजून कामाला सुरुवातही व्हायची होती.

काम सांगायला सोपं. कारखान्यात सहा टाक्या. प्रत्येक टाकीत आतला माल घुसळायला लोखंडी दांडा आणि त्याला पाती. कामगार त्याला सरळ 'रवी' म्हणत. रवीला मोटर, आणि मोटर किती वेगाने फिरवायची ते ठरवणारा एक डबा, म्हणजे ड्राइव्ह. सहाही ड्राइव्ह कंट्रोल रूममधल्या कपाटात शेजारी-शेजारी बसवलेले. त्यांच्यातले आकडे वाचायचे, भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर दाखवायचे आणि तिथूनच मोटर सुरू करायचं बटण द्यायचं, एवढंच हेमांगीचं काम.

पण ड्राइव्ह ही जात मोठी आखडू. ती दशांशचिन्ह देत नाही. मोटर पन्नासवर फिरत असेल तर ती 'पाच हजार' म्हणते आणि गप्प बसते. त्याला शंभराने भागायचं की दहाने, हे मॅन्युअलमध्ये शोधायचं. आणि ते मॅन्युअल ज्याने लिहिलं त्याचा वाचणाऱ्यावर काहीतरी जुना राग असावा. थोडक्यात, पॉइंट कुठे द्यायचा ते माणसाने ठरवायचं आणि चुकला तर शिव्याही माणसानेच खायच्या.

अकरापर्यंत पाच ड्राइव्ह सरळ झाले. चौथा होईना.

चार नंबरची टाकी आठ दिवस बंद होती. साफ करायची म्हणून रिकामी केलेली, वरचं झाकण उघडं, मोटर थंड. वेग शून्य दाखवत होता, तो बरोबर. पण करंटच्या खान्यात शून्य नव्हतं. तीन, चार, पाच, पाच, चार, तीन. थोडं थांबून पुन्हा तीन, चार, पाच. शंभराने भागलं तर अगदीच किरकोळ, अँपिअरचा शंभरावा हिस्सा वगैरे. पण बंद मोटर करंट ओढत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"आता तुला काय झालं रे बाबा," हेमांगी त्या डब्याला म्हणाली.

२

हेल्पलाइन लागायला बावीस मिनिटं गेली. सोनल नावाच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात विचारलं, "मॅडम, स्केलिंग चेक केलंत का?"

"केलं. तीनदा केलं."

"एकदा परत चेक करता का? बऱ्याचदा शंभरच्या जागी दहाने भागलेलं असतं."

"अगं, शून्याला कितीनेही भागलं तरी शून्यच येतं. मला शून्यच येत नाहीये, तर भागू कशाला?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग सोनल म्हणाली, "मॅडम, स्केलिंग एकदा चेक करून घ्या ना," आणि हेमांगीने फोन ठेवला. आपटायचा होता, पण मोबाइल आपटता येत नाही, ही या काळाची एक मोठी गैरसोय आहे.

लगेच ठाण्याच्या ऑफिसातून सलिलचा फोन. सलिल तिचा बॉस, वयाने दोन वर्षं लहान. "झालं का गं? साडेतीनपर्यंत हँडओव्हर पाहिजे. दामले साहेबांचा दोनदा फोन येऊन गेला."

"चार नंबर त्रास देतोय. बंद मोटर करंट दाखवतेय."

"परत पॉइंट सरकला काय तुझा?" तो हसला.

हे हसणं हेमांगीच्या जिव्हारी लागलं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका कारखान्यात तिने पॉइंट एक घर चुकीचा दिला होता. मोटर बेचाळीस अँपिअर खात होती आणि स्क्रीनवर चार पॉइंट दोन दिसत होते. सगळे निर्धास्त राहिले, मोटर जळली. माणूस कोणी जवळ नव्हता म्हणून निभावलं. तेव्हापासून ऑफिसात कुणाचा कप लवंडला तरी 'हेमांगीचा पॉइंट' म्हणतात. ती मात्र अजूनही कधी कधी पहाटे उठून मनातल्या मनात भागाकार करते.

"नाही सरकलेला," ती म्हणाली. "बघते मी."

३

मग तिने शहाण्या माणसाने करायचं ते सगळं केलं. ड्राइव्ह बंद करून पाच मिनिटांनी चालू केला. चार आणि पाच नंबरच्या वायरींची अदलाबदल केली. तो चढउतार चार नंबरबरोबरच राहिला. शेवटी ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामधला मोठा स्विच तिने खाली ओढला. आता त्या डब्याचा मोटरशी काडीचा संबंध उरला नव्हता. तो एकटा होता, कपाटात, कशालाही न जोडलेला.

तीन, चार, पाच, पाच, चार, तीन.

तिने लॅपटॉपवर त्या आकड्यांचा आलेख काढायला लावला. वायरीतून कुठून तरी शिरलेला कचरा असेल, त्याला नॉइज म्हणतात, तर तो वेडावाकडा दिसायला हवा. हा वेडावाकडा नव्हता. सावकाश चढायचा, माथ्यावर जरा रेंगाळायचा, उतरायचा, तळाशी थांबायचा. तिने घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला अकरा. पुन्हा मोजलं, अकरा.

तिसऱ्यांदा मोजताना तिच्या लक्षात आलं, की आपणही आलेखाबरोबर श्वास आत घेतोय आणि त्याच्याबरोबरच सोडतोय. तिने मुद्दाम श्वास रोखून धरला. आलेख चढला, रेंगाळला, उतरला. ती धापा टाकायला लागली तरी तो आपल्या संथ गतीने चालला होता.

"चक्रम आहेस तू," ती स्वतःलाच म्हणाली आणि पाय मोकळे करायला बाहेर पडली.

कंट्रोल रूमच्या काचेपलीकडे दहा पावलांवर टाक्यांचा लोखंडी ओटा होता. चार नंबरचं झाकण बाजूला टेकवून ठेवलेलं. माणूस जेमतेम उतरेल एवढं गोल भोक, आत शिडी, खाली काळोख. हेमांगी वाकली. चेहऱ्यावर कोमट, दमट हवा आली. मग थांबली. मग पुन्हा आली.

ऊन आहे, पत्रा तापलाय, आतली हवा वर येणारच. आठवीतलं विज्ञान. तिने ते स्वतःला समजावलं, पण हवा पुन्हा थांबेपर्यंत ती तिथे उभी राहिली नाही.

४

दोन वाजता दामले साहेब आले. हरिहर दामले, कारखान्याचे मेंटेनन्स प्रमुख, निवृत्तीला चार महिने राहिलेले, शर्टाचं वरचं बटणही लावणारे गृहस्थ.

"काय हो, अजून किती वेळ? टाकी साफ झाली की आजच रवी फिरवून बघायची आहे. सोमवारी माल भरायचाय."

"सर, चार नंबर शून्य दाखवत नाही."

दामल्यांनी चष्मा वर करून स्क्रीन पाहिली. "शून्य पॉइंट शून्य चार. अहो, हे काय दाखवणं झालं? एवढ्याने मुंगी तरी हलेल का?"

"हलणार नाही. पण ते यायलाच नको. स्विच खाली आहे."

"मग नॉइज असेल. कट-ऑफ लावा आणि मोकळ्या व्हा. माझ्या स्क्रीनवर शून्य दिसल्याशिवाय माणूस आत सोडायची परवानगी मला देता येत नाही, आणि तो बिचारा तासाभरापासून तयार होऊन बसलाय."

कट-ऑफ म्हणजे अमुक आकड्याच्या खाली काहीही आलं तरी शून्य दाखवायचं. धंद्यातले सगळे करतात; त्यात गैर काही नाही. हेमांगीनेही शंभरदा केलं होतं. तिने 'अर्ध्याच्या खाली शून्य' असं लिहिलं, बटण दाबलं, आणि मोठ्या स्क्रीनवर चार नंबरच्या खान्यात एक स्वच्छ, हिरवं शून्य उभं राहिलं.

"बघा," दामले म्हणाले. "झालं की नाही?"

खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं. हेमांगीला स्वतःचाच भयंकर राग आला आणि तो राग कुठे काढावा ते कळेना. तिने परवानगीच्या कागदावर सही केली. लॅपटॉप मात्र बंद केला नाही. त्यावर मूळ आकडे तसेच येत होते, कट-ऑफशिवाय.

५

आत उतरणारा माणूस म्हणजे धोंडीबा. पन्नाशीचा, साताऱ्याकडचा, वीस वर्षं टाक्या धुणारा. अंगात डोक्यापासून पायापर्यंत पिवळा सूट, तोंडावर मास्क, डोळ्यांवर काच. माणूस म्हणून ओळखायला आवाजच काय तो उरलेला. आतल्या हवेची तपासणी झाली होती, कमरेला दोर बांधलेला होता.

"ताई, तुमचं मशीन मधीच फिरणार न्हाई ना?" मास्क खाली ओढून त्याने हसत विचारलं.

"नाही धोंडीबा. स्विच खाली आहे. मी इथेच बसलेय."

"मग झालं. अर्ध्या तासात येतो भाईर."

भोकाशी नंदाताई स्टूल टाकून बसल्या. आत माणूस असेपर्यंत तिथून हलायचं नाही आणि दर दोन मिनिटांनी त्याला हाक मारायची, ही त्यांची ड्यूटी. हाकेला उत्तर आलं नाही तर दोर ओढायचा. "ओ धोंडीभाऊ!" त्या ओरडायच्या, आणि टाकीतून घुमत उत्तर यायचं, "हाय!"

हेमांगीला पहिल्यांदा वाटलं, हा इंग्रजीतलं 'हाय' करतोय. मग कळलं, धोंडीबाच्या गावाकडे 'आहे'ला 'हाय' म्हणतात. इतक्या वैतागातही तिला हसू आलं.

ते हसू तिने लॅपटॉपकडे पाहिलं तेव्हा गेलं. आलेखात आता दोन लाटा होत्या. एक जुनी, मिनिटाला अकराची. आणि तिच्यात मिसळलेली दुसरी, जलद, कष्टाचं काम करणाऱ्या माणसाची. काचेपलीकडून खरवडण्याचा आवाज येत होता. तो थांबला की जलद लाट जरा सावकाश व्हायची. संथ लाटेला कशाचाच फरक पडत नव्हता.

ती उठून दामल्यांकडे गेली. "सर, त्यांना बाहेर बोलवा."

"का? काय झालं?"

बंद मशीन श्वास घेतंय म्हणावं, तर सलिलला वर्षभर पुरेल एवढा विनोद झाला असता. "रीडिंग बरोबर नाहीये."

दामल्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "शून्य आहे."

"ते मी करून ठेवलंय, सर."

"मग बरोबरच केलं असणार की! अहो, किती शंका काढाल?"

६

"ओ धोंडीभाऊ!"

"हाय!"

"ओ धोंडीभाऊ!"

"हाय!"

पुढच्या हाकेला उत्तर यायला वेळ लागला. नंदाताईंनी दोराला हात घातला, तेवढ्यात शिडी वाजली. भोकातून पिवळं डोकं वर आलं, मग खांदे. अर्धा तास म्हणाला होता. चौदा मिनिटं झाली होती.

"झालं पण? एवढ्यात?" नंदाताई म्हणाल्या.

तो ओट्यावरून सावकाश उतरला, कंट्रोल रूममध्ये आला आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या कूलरपाशी पाठ करून उभा राहिला. मास्क काढला असावा. पेला भरल्याचा आवाज झाला. सगळं अगदी बरोबर होतं. माणूस सुखरूप वर आला होता. हेमांगीने सुटकेचा एक मोठा श्वास सोडला आणि खुर्चीत बसून लॅपटॉप पुढे ओढला.

आलेखात एकच लाट उरली होती.

तिने मोजायला सुरुवात केली. मोजायची गरज नव्हती, डोळ्यांना दिसतच होतं. पण तिचा स्वभाव पडला मोजणारा. मिनिटाला एकतीस. संथ लाट गेली होती. टाकीत उरली होती ती जलद, आणि ती आणखी जलद होत होती. चौतीस. सदतीस.

काचेपलीकडे नंदाताईंनी कमरेचा दोर वर ओढून घेतला होता. दोराच्या टोकाला काहीच नव्हतं. गाठ सुटलेली. "सोडून आले असतील," असं म्हणत त्यांनी तो गुंडाळून ठेवला.

"चला, झाकण लावून घ्या," दामल्यांनी काचेतून हात केला. "रवी फिरवून बघू आणि या मॅडमना घरी सोडू."

७

झाकण लावायच्या आधी भोकात एक शेवटची हाक मारायची, असा नियम होता. टाकी रिकामी आहे हे माहीत असलं तरी. नंदाताई सवयीने वाकल्या आणि सवयीनेच तेच नाव घेतलं.

"ओ धोंडीभाऊ!"

कूलरपाशी उभ्या असलेल्या माणसाने पाठ न वळवता उत्तर दिलं. "आहे."

शुद्ध, स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. आणि त्याच क्षणी टाकीतूनही 'हाय'सारखं काहीतरी घुमलं. नंदाताई दचकून मागे सरकल्या.

"तुमचाच आवाज घुमला," दामले दारातून ओरडले. "रिकामी टाकी आहे, घुमणारच. तो बघा इथे आहे म्हणतोय. लावा झाकण."

घुमला तर 'धोंडीभाऊ' घुमेल, हेमांगीच्या मनात आलं. 'हाय' कसं घुमेल? हाक मारणारीने तो शब्द उच्चारलाच नव्हता. झाकण खडखडत भोकावर बसलं. आलेख त्रेचाळीसवर गेला. दामल्यांनी मधला स्विच वर केला आणि मोठ्या स्क्रीनपाशी येऊन स्टार्टच्या बटणाकडे बोट नेलं. झाकण बंद, करंट शून्य. दोन्ही दिवे हिरवे. करंटचा तिने स्वतःच हिरवा केलेला.

हेमांगीच्या बोटांना काम पाठ होतं. कट-ऑफची ओळ शोधली, पुसली. मोठ्या स्क्रीनवरचं हिरवं शून्य गेलं आणि तिथे लाल आकडे धडधडायला लागले. स्टार्टचं बटण राखाडी झालं. करंट शून्य नसेल तर ते दाबलंच जात नाही. ही अट तिनेच सकाळी घातली होती.

"हे काय करताय?" दामले भडकले. "डोकं फिरलंय का तुमचं? वाट लावली सगळ्याची!"

"झाकण उघडा."

"अहो, माणूस इथे उभा आहे! तुमच्या पाठीमागे!"

"माहीत आहे, सर." ती वळली नाही. टेबलावर सलिलचा फोन वाजत होता, वाजत राहिला. रडू येत होतं तिला, आणि रागही, स्वतःचा, दामल्यांचा, त्या गोड आवाजाच्या सोनलचाही. "माझा पॉइंट चुकला असेल. माझी नोकरी घ्या. पण झाकण उघडा."

ती ओरडली ते काचेपलीकडे ऐकू गेलं असावं. दामल्यांच्या हुकुमाची वाट न बघता नंदाताईंनी दोन्ही हातांनी झाकण बाजूला लोटलं आणि टॉर्च घेऊन आत वाकल्या. वाकल्या त्या तशाच राहिल्या. मग टॉर्च त्यांच्या हातातून खाली पडला आणि त्यांनी रिकामा हात भोकात खांद्यापर्यंत घातला.

शिडी वाजली. रबरी हातमोजा घातलेला एक हात वर आला आणि त्याने भोकाची कड धरली. पाठोपाठ धोंडीबाचा आवाज आला, घोगरा, थकलेला, वैतागलेला.

"आरं, मगापासनं हाय हाय म्हणतोय की! झाकण कशापायी लावताय?"

दामल्यांचं बोट स्क्रीनसमोर हवेतच राहिलं होतं. ते काचेकडे बघत होते, हेमांगीही काचेकडेच बघत होती, आणि दोघांपैकी कुणीही मान वळवायला तयार नव्हतं. त्यांच्या पाठीमागे पाण्याचा पेला हळूच टेबलावर ठेवला गेला.